ताकदीच्या गोळ्या

चार माणसांत बोभाटा नको म्हणून तेजश्रीच्या डिप्रेशनच्या गोळ्या तिचा सरपंच नवरा ताकदीच्या औषधाच्या बाटलीत भरून ठेवायचा. आज दोघं लेकीला दाखवायला बीडला आली होती. वर्गात तिचं ध्यानच नसतं, अशी बाईंची तक्रार होती. “घरात कुणाला मानसिक त्रास?” डॉक्टरांनी विचारलं. “न्हाई बा. आमच्या खानदानात तसलं कुणीच न्हाई,” नवरा म्हणाला. तेजश्री चपलेकडं बघत राहिली. तेवढ्यात टेबलावरची घंटी वाजवत लेक बोलली, “आईच्या बाटलीत दोनच गोळ्या राहिल्यात. शाळेत तेच डोक्यात असतंय. गोळ्या संपल्या की आई उठतच न्हाई.” नवरा हसला, “बघा सायेब, काय बी बरळती!” डॉक्टरांनी तेजश्रीकडं पाहिलं. “ताई, खरंय का हे?” लेकीनं तिचा पदर घट्ट धरला. तेजश्रीनं तो हळूच सोडवला. “न्हाई, सायेब. हिचं कशातच ध्यान नसतंय.”