रुखवताची फळी

बायनाबाईचं लग्न झालं ते मराठवाडा मुंबई राज्यात गेला त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात. तिच्या रुखवतात मांडायला बाप दत्तरावनं चार-चार बोटं उंचीची लाकडी वरात कोरली होती. नवरा-नवरी, करवली, वाजंत्री, सगळी मिळून अकरा माणसं. त्यांना उभं करायला त्यानं सेलूच्या जिनिंगमधून सागाची जुनी फळी आणली आणि पायांच्या खुंट्यांसाठी बावीस भोकं पाडली.

सकाळी भोकं चोवीस होती. नवरीच्या मागची जोडी रिकामी.

"मोजता येईना का तुमाला?" त्याची बायको सुगंधाबाई हसली. "व्याही इचारतील, कुणाची जागा धरून ठेवली म्हणून."

दत्तरावनं लाख वितळवून ती भोकं बुजवली. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा उघडी होती आणि आत लाखेचा कणही नव्हता.

"पोरीच्या पाठीशी रिकामं ठेवायचं न्हाई," असं म्हणत त्यानं दुपारभर बसून स्वतःचीच बाहुली कोरली आणि तिथं ठोकली. "यायचं ते माज्यावर येऊ दे."

"काईबी बोलू नका. फेटा तेवढा सरळ करा."

लग्नाच्या दिवशी फळी मांडवात न्यायला दोघं आली. दत्तरावची बाहुली बाजूला आडवी पडली होती. तिच्या जागी लुगडं नेसलेली एक बाई उभी होती.

"अगं बाई, हुबेहूब मीच की!" सुगंधाबाई हरखली. "कवा केलीत?"

दत्तरावनं दोन्ही हातांनी जोर लावला. बाहुली हलली नाही.

सुगंधाबाई त्याच वर्षी ज्येष्ठ वद्य तृतीयेला वारली.