काळ्या म्हणजे वाघ

“मार काळ्या, मार!” ओरडून ओरडून सर्जेरावचा घसा बसला होता. कोल्हापुरातल्या त्याच्या तालमीनं फुटबॉलसाठी नायजेरियातून आणलेला इमेका म्हणजे त्याचा जीव की प्राण. दर रविवारी तो त्याला घरी नेऊन तांबडा-पांढरा वाढायचा.

मागच्याच रविवारी जेवता जेवता इमेकानं मोडक्यातोडक्या मराठीत विचारलं होतं, “भावा, काळ्या म्हणजे काय?”

सर्जेरावचा वाढता हात थबकला. “म्हणजे... वाघ!”

तेव्हापासून ते उत्तर त्याला आतून कुरतडत होतं. पण आपण प्रेमानंच म्हणतो की, असं स्वतःला बजावत तो आजही ओरडतच होता.

तेवढ्यात इमेकानं गोल मारला. सर्जेराव कठडा ओलांडून मैदानात धावला. इमेकानं त्याला खांद्यावर उचललं आणि सगळ्या गॅलरीकडं बघून गर्जना केली, “हा माझा काळ्या!”

गॅलरी खो खो हसली. शाळेत याच हाकेनं रोज रडलेल्या सर्जेरावची कानशिलं तापली. “काळ्या कुणाला म्हणतोस रं?”

इमेकानं गोंधळून त्याला अलगद खाली ठेवलं.

“वाघ ना, भावा?”