व्यक्तिशः जबाबदार

जपानमधल्या सेंदाईत पोस्टडॉक करणाऱ्या सदानंदला पोलिसाने अडवलं. का, तर म्हणे परदेशी माणूस आणि सायकल इतकी नवी! बिचारा स्वतःच्याच सायकलचं कुलूप उघडून दाखवत होता, तेवढ्यात त्या शूरवीराने त्याचा डावा हात असा पिरगाळला की तो कायमचा निकामी झाला.

सदानंदने दावा लावला. बळाचा वापर जास्तच झाला, हे कोर्टाने मान्य केलं. पण पोलीस ड्यूटीवर होता, तेव्हा त्याला व्यक्तिशः जबाबदार धरता येणार नाही म्हणे!

निकालानंतर सदानंद उजव्या हाताने सायकल चालवत लॅबला निघाला, तर चौकात तोच पोलीस. कमरेतून वाकून, अगदी अदबीने म्हणाला,



"सदानंद-सान, एका हाताने सायकल चालवायची नसते. कुणाला लागलं, तर व्यक्तिशः जबाबदार तुम्ही!"