धाकटीचा उजवा हात

दवाखान्यातल्या माणूसभर लांबीच्या त्या काचेसारख्या नळीचं झाकण लागलं आणि थोरली जाऊ गुपचूप येऊन खांबाआड बसली. बाहेर थांबते असं ती धाकटीला म्हणाली होती. पण आज हिचं सोंग उघडं पाडायचंच, हे ठरवूनच ती सोबत आली होती.

आत धाकटी सुती झगा घालून उताणी पडली होती. हातात ना बांगडी ना अंगठी. धातूचं काही आत चालत नाही. काय तर म्हणे, दाबाखाली ऑक्सिजन घेतला की हाताची नस शांत होते! मनगटाचं मोडलेलं हाड केव्हाच जुळलं. सूज नाही, जखम नाही, तरी बाईसाहेबांचा हात दुखतोच आहे. भांडी दुसऱ्यांनी घासायची आणि हिने इथे लोळून हवा खायची. थाट तरी किती!

थोरलीने उगाच संशय घेतला नव्हता. तिने खात्री करून घेतली होती. रोज सकाळी ती मायेने जवळ जायची, "कसं आहे गं आज?" म्हणत तोच हात हातात घ्यायची आणि चांगला करकचून दाबायची. धाकटी हसून म्हणायची, "बरं आहे, ताई." ना हूं ना चूं. खरंच दुखत असतं तर ओरडली नसती? आता घरी गेल्या गेल्या सगळ्यांसमोर सांगायचं, की उद्यापासून ही थेरं बंद. थोरलीचा शब्द घरात कुणी खाली पडू देत नसे.

नळीत हवा भरू लागली. धाकटीने इकडेतिकडे पाहिलं. ओळखीचं कुणी नाही असं दिसताच तिच्या चेहऱ्यावरचं हसू मावळलं. 'गळून पडला का मुखवटा!' थोरली मनात म्हणाली आणि पुढे वाकली.

तेवढ्यात चादरीचं टोक घसरून त्या हातावर पडलं. साधी चादर, धुऊन धुऊन विरलेली. धाकटीचं अंग ताठ झालं. तोंड उघडलं, डोळे घळाघळा वाहू लागले. आवाज मात्र बाहेर आला नाही. दुसऱ्या हाताच्या चिमटीत धरून तिने ते टोक निखाऱ्यासारखं बाजूला केलं.

"काय झालं तिला?" थोरलीने यंत्र चालवणाऱ्या मुलीला विचारलं.

मुलगी दचकून वळली. "रोजचंच आहे. त्या हाताला कापड लागलं तरी सहन होत नाही त्यांना. घरच्यांना आत बसवू नका, असं त्यांनीच सांगून ठेवलंय. तुम्ही कोण?"

थोरलीने आपले दोन्ही हात मांडीखाली दडपले.

बऱ्याच वेळाने झाकण उघडलं. बाहेर येताना धाकटीला ती दिसली. धाकटी जरा थबकली. मग हसली, अगदी रोजच्यासारखी, आणि उजवा हात तिच्यापुढे धरला.

"घ्या, ताई. आज सकाळी दाबायचा राहिला होता."