दुपटं

बॅग तीन किलोनं हलकी भरली. दादासोंनी हुकाचा काटा पुन्हा एकदा बॅगेच्या मुठीत अडकवला, उचलून बघितलं आणि बायकोकडे न बघताच विचारलं, "काय काढलंस?"

शालननं पलंगाकडं बोट केलं. काढलेलं सगळं पलंगावर पडलं होतं. सहा झबली, चार टोपडी, लंगोटांचा गठ्ठा आणि तिच्या जुन्या लुगड्यांचं शिवलेलं एक दुपटं. परवापर्यंत हेच तिनं बॅगेत सगळ्यात वर ठेवलं होतं, कॅनडात पोचल्या पोचल्या हाताशी लागावं म्हणून.

तिकडं लेकीला, दीक्षाला, आठवा महिना होता. बाळंतपणाला आईनं जायचं ठरलं होतं. आज बुधवारी संध्याकाळच्या गाडीनं मुंबई, उद्या विमान. गेल्या शनिवारी दीक्षा बाहेर पडली ती आईसाठी बर्फात घालायचे बूट आणायला. माप शालननंच पाठवलं होतं, वर्तमानपत्रावर पाय ठेवून, भोवतीनं पेन्सिल फिरवून, चपलेसाठी देतात तसं. बसमधून उतरताना दीक्षाचा पाय बर्फावरून सटकला. बाळ पोटातच गेलं. सोमवारी जावयानं, अतुलनं, फोनवर एवढंच सांगितलं. पुढं त्याला बोलता आलं नाही.

शालन जाणारच होती. बाळ नसलं तरी बाळंतीण होतीच. डिंक, अळीव, खारीक, शेकायला ओवा, हे सगळं बॅगेत तसंच राहिलं.

"मी शिवायलाच नको होतं," ती म्हणाली.

"खुळी हाईस का तू?" दादासो म्हणाले. "कावळा बसायला आन फांदी मोडायला गाठ पडली. बर्फावर घसरली पोरगी. तुझ्या सुईनं घसरली व्हय?"

शालनला हे कळत नव्हतं असं नाही. मंगळवार पेठेतल्या बुद्धविहारात बायकांना समोर बसवून नवस सोडा, करणी-भानामती सोडा म्हणून सांगणारी तीच. गेल्या महिन्यात शेजारच्या चिमणाबाईनं मशीनचा आवाज ऐकून दारातूनच बजावलं होतं, "शालन, जल्मायच्या आदी कापडं शिवत न्हाईत गं." तेव्हा शालन हसली होती. "आमच्यात असलं काय मानत न्हाईत, मावशी. आन तितं गेल्यावर मला मशीन कोण देणार हाय?"

ते हसू आता माशाच्या काट्यासारखं तिच्या घशात रुतलं होतं. सगळा जन्म जे मानलं नाही ते आपण दोन दिवसांत मानायला लागलो, याची तिला लाजही वाटत होती. पण हात ऐकत नव्हते. हातांनी एकेक कापड बाहेर काढलं होतं.

चिमणाबाई सकाळपासून उंबऱ्याशी येऊन बसली होती. भाकरी-भाजीचं ताट तिनं आणून झाकून ठेवलं होतं. मी सांगितलं होतं, असं ती एकदाही म्हणाली नाही. शालनला तेच जास्त लागत होतं.

फोन वाजला. दीक्षाचाच होता. सोमवारपासून तिचा आवाज घरात कुणी ऐकला नव्हता.

"आई, बॅग भरलीस?"

"भरली की."

"दुपटं घेतलंस?"

शालननं पलंगाकडं बघितलं. "न्हाय बाळा. कापडं सगळी काढली. तुझ्या डोळ्यांसमोर कशाला आता..."

एरवी फोनकार्डावरची मिनिटं मोजत घाईघाईनं बोलणारी पोरगी आज एकेक शब्द सावकाश बोलत होती.

"मुलगी होती आई," दीक्षा म्हणाली. "नाक तुझं होतं. इथल्या पांढऱ्या कापडात गुंडाळून दिली माझ्याजवळ. खरखरीत होतं गं ते. शनिवारपर्यंत तिला ठेवून घ्या म्हणून मी दवाखान्यात सांगितलंय. माझी आई येतीय म्हणून सांगितलंय. तिच्या अंगावर आपल्या घरचं एक तरी कापड पाहिजे मला. सगळं आण."

"आणते," शालन म्हणाली.

फोन ठेवून, "पोरगी होती. तिच्या अंगावर घालायला कापडं मागितलीत," एवढं सांगून ती तिथंच जमिनीवर बसली आणि रडली. सोमवारपासून ती रडली नव्हती. दादासो काटा हातात धरून नुसते उभे राहिले. मग ती उठली. टोपडी, लंगोट, पाच झबली पुन्हा बॅगेत गेली, त्यांच्यावर दुपटं. सहावं झबलं तिनं हातातच ठेवलं. त्याला एकच बंद होता. दुसरा लावता लावता सोमवारी अतुलचा फोन आला होता.

तिनं सुई घेतली. दोरा काही ओवेना. एकदा, दोनदा, तीनदा तो नेढ्याच्या बाजूनंच गेला.

चिमणाबाई गुडघ्यावर हात टेकून उंबऱ्यावरून उठली. मोतीबिंदू काढल्यापासून तिला शालनपेक्षा बरं दिसायचं. "आन हिकडं," ती म्हणाली. दोऱ्याचं टोक तिनं ओठात ओलं केलं, सुई खिडकीच्या उजेडाला धरली आणि ओवून शालनच्या हातात दिली.

"बारीक टाका घाल," ती म्हणाली. "टोचायला नको पोरीला."