जानेवारीपर्यंत

मायक्रोवेव्हच्या पट्टीवर ई-३ उमटलं आणि नाफुलाने कपाळाला हात लावला. बाहेर स्टँडवर एल्डोरेटला जाणारी गाडी लागलेली, आत तिच्या खाणावळीच्या बाकांवर सात गिऱ्हाइकं चपाती आणि घेवडा गरम होण्याची वाट बघत बसलेली. तिने दार उघडून आपटलं. पुन्हा आपटलं. ई-३ जागचं हललं नाही.

रस्त्यापलीकडून मकोखा आला. किटालेच्या बसस्टँडवर बिघडलेल्या वस्तूंचा आपण एकच डॉक्टर, असं तो स्वतःच सांगत असे, आणि लोकही त्याला नावाने न हाकारता फुंडी, म्हणजे कारागीर, म्हणत. त्याने लांबूनच आकडा वाचला. ई-३ म्हणजे काही नाही, यंत्राला आपलं दार बंद आहे की उघडं तेच समजत नाहीये. दारामागचा स्विच गेला असणार. नवीन बसवू, अर्ध्या तासाचं काम.

त्याने प्लग काढला, झाकण उतरवून भिंतीला टेकवलं आणि स्क्रूड्रायव्हरचं टोक आत लावलं. चट्‌ करून ठिणगी उडाली, तशी गिऱ्हाइकं मागे सरकली. प्लग काढला तरी याच्या पोटात वीज साठून राहते, ती आधी उतरवावी लागते, हे त्याने सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं.

मकोखाची एक सवय होती. यंत्र उघडलं की दुरुस्तीआधी तो अगोदरच्या फुंडीचा उद्धार करायचा. हे कुठून घेतलंस, त्याने विचारलं. दोन वर्षांपूर्वी, जुन्या सामानाच्या दुकानातून, नाफुला म्हणाली. मग तर विचारायलाच नको, असं पुटपुटत तो आत वाकला आणि वाकलेलाच राहिला.

"हे बघ, ताई," तो म्हणाला. त्याच्या आवाजातली मजा गेली होती. "स्विच बदलायचा सोडून त्याने सगळ्या वायरी एकमेकींना पिळून टाकल्यात. दार उघडं असलं तरी यंत्राला वाटणार, बंदच आहे. पीळ आज जळाला म्हणून आकडा आला. तोवर यंत्र दार उघडूनही चालूच राहत असणार, आत घातलेला हातही शिजवत असणार. असल्या माणसाला तुरुंगात घातलं पाहिजे."

कोणीतरी हसलं. नाफुला हसली नाही.

"दार उघडलं तरी घरघर चालू असायची," ती म्हणाली. "मला वाटायचं, गार होतंय."

"मग थांबवत कधी होतीस?"

"गाडी सुटायच्या वेळी थांबवत कोण बसतं? दार उघडायचं, ताटली काढायची, दुसरी ठेवायची."

बोलता बोलता ती आपल्या उजव्या हाताकडे बघत होती. तिथली तीन बोटं वर्षभरापासून बधिर होती. दवाखान्यात आधी साखरेचा आजार म्हणाले, मग नसांचा. ती तेव्हापासून बिनसाखरेचा चहा पीत होती, आणि गिऱ्हाइकं त्यावरून तिची थट्टा करत. तव्यावरची चपाती उलटताना बोट भाजलं तर तिला वासावरून कळे. हे सगळं तिने मकोखाला चार वाक्यांत सांगितलं, जणू त्याच्याकडे दुसरी एखादी वस्तू दुरुस्तीला टाकत होती.

मकोखाला खरोखरच धक्का बसला. तो चिडला, आणि हे चिडणं दाखवण्यापुरतं नव्हतं.

"नाव मिळेल त्याचं," तो म्हणाला. "हे काम माझं नाही असं उद्या कोणी म्हणू नये म्हणून आम्ही सगळे झाकणाच्या आतून नाव-तारीख घालतो. आत्ता बघू कोण आहे तो. मी स्वतः चौकीत नेतो त्याला."

त्याने झाकण उचलून उजेडाकडे उलटं धरलं.

काळ्या मार्करची अक्षरं होती. लांब शेपटीचा क त्याला लगेच ओळखू आला, कारण तो त्याच्या दुकानाच्या पाटीवरही होता. खाली तारीख, २३ डिसेंबर, चार वर्षांपूर्वीची. त्याखाली आणखी एक शब्द. मग त्याला हे यंत्र तेव्हा घेऊन आलेली शाळेतली एक बाई आठवली. घरी नाताळचे पाहुणे यायचे होते आणि नैरोबीहून स्विच आला नव्हता, म्हणून त्याने तेवढ्यापुरत्या वायरी पिळून दिल्या होत्या. जानेवारीत घेऊन या, कायमचं करून देतो, असं तो म्हणाला होता. ती आली नाही आणि त्यालाही पुन्हा आठवण झाली नाही.

"कोण आहे, फुंडी?" बसचा कंडक्टर दारातून विचारत होता. "आपल्या स्टँडवरचाच का?"

मकोखाचा अंगठा नावावर गेला. पिशवीत थिनरची बाटली होती. पुसून गेलंय, वाचता येत नाही, एवढं म्हटलं असतं तरी कोणी शंका घेतली नसती.

नाफुलाने हात पुढे केला. त्याने झाकण तिला दिलं.

तिने ते दोन्ही हातांनी घट्ट धरलं आणि सावकाश वाचलं.

"मकोखा. तेवीस डिसेंबर. जानेवारीपर्यंत."

बाहेर एल्डोरेटच्या गाडीने हॉर्न दिला, पण कंडक्टर दारातून हलला नाही.

"कुठला जानेवारी, फुंडी?" तिने विचारलं.

पत्र्याच्या कडेने तिचं बोट कापलं होतं. मकोखाला रक्त दिसत होतं. तिला अजून कळलं नव्हतं.