आत्याची पाठ

"दोनच मिनिटं!" आत्याचा नवरा सकाळपासून म्हणत होता. परवा त्याने जुन्या लॅपटॉपवर हौसेने विंडोज काढून लिनक्स घातलं, पुढच्या कडेवर त्याचं पेंग्विनचं स्टिकर चिकटवलं, आणि तेव्हापासून वायफाय रुसलं होतं.

भाचीचं बारसं नागपुरात, आत्या पुण्यात आणि तिचा मोबाइल दुरुस्तीला. नवऱ्याच्या बटणवाल्या फोनवर वहिनी ओरडत होती, "ताई, पाळणा म्हणून झाला! नाव फोनवरच सांगता का?"

"बाळाचं तोंड बघितल्याशिवाय मुळीच नाही!"

नवरा पुटपुटला, "नेटवर्क कार्ड सापडतंय, पण बंद दाखवतंय. ड्रायव्हरच बदलायला हवा."

"बंद आहे ना? मग चालू कर की!" तिने लॅपटॉप उचलून चारी बाजूंनी चाचपला. पेंग्विनच्या पोटाखाली काहीतरी टोचलं. तिने स्टिकर ओरबाडलं, तर खाली वायफायचं बटण! चिकटवताना सरकून बंद झालेलं.

तिने ते सरकवलं. थोड्याच वेळात पडद्यावर सजवलेला पाळणा आला.

"कुर्रर्र... इरावती!" ती आनंदाने किंचाळली. नाव सांगणाऱ्या आत्याला धपाटे घालायला तिकडे बायकांचे हात उठले आणि हवेतच राहिले.

"काळजी नको," सकाळपासून बोलणी खाल्लेला नवरा बाह्या सरसावत म्हणाला, "इकडचं मी बघतो!"